सत्तावीस अंश चाळीस मिनिटांची रेघ

११ जानेवारी २००४
शुगर लँड, टेक्सस

अक्का,

नमस्कार लिहितो आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

फोन पाच वेळा केला. चार वेळा तू न बोलता ठेवलास, पाचव्यांदा 'राँग नंबर' म्हणालीस. ई-मेल तू उघडत नाहीस. म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडायचं तरी हातात घ्यावं लागतं.

तो फोटो खरा आहे. माझ्या छातीवर लाल-पिवळी फीत आहे आणि तोंडात घास आहे. कन्नड संघाच्या वेबसाइटवर तो कुणी टाकला, बेळगावात छापून कुणी काढला आणि समितीच्या कचेरीत भिंतीला कुणी डकवला, हे मला ठाऊक नाही. पण १ नोव्हेंबरला तू दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या मोर्चात चालत होतीस, आणि त्याच दिवशी तुझा सख्खा भाऊ ह्यूस्टनमध्ये कर्नाटक राज्योत्सवाचं जेवण जेवत होता, हे कबूल.

मला तारखेचं भान नव्हतं, अक्का. शनिवार होता. ऑफिसातल्या धारवाडच्या मित्रानं बोलावलं, 'बिसी बेळे भात आहे, ये' म्हणाला. दारात एका आजींनी फीत टोचली. त्यांना 'मी बेळगावचा, मी ही फीत लावत नाही' असं सांगून भांडण काढू? काढायला हवं होतं म्हणशील. तू काढलं असतंस.

हर्षितापुढं रडलो तर ती नागपूरची. म्हणाली, "तुम्हाला महाराष्ट्रात यायचंय, आम्हाला विदर्भ घेऊन बाहेर पडायचंय. अदलाबदल करून टाका ना, काहून एवढं भांडून राहिले?" इशिता सात वर्षांची. तिनं विचारलं, "बाबा, व्हाय इज आत्या मॅड ॲट यू?" भात खाल्ला म्हणून, असं सांगितलं. तिला ते पटलं नाही.

आणि एक सांग. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी कर्नाटकाचा रहिवासी दाखला लागत होता, तेव्हा तहसीलदार कचेरीत रांगेत कोण उभं राहिलं होतं? तूच. एका जेवणानं मी बाटलो आणि त्या दाखल्यानं नाही? आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तेव्हा उलट बोलायचा हक्क मला नाही, हे माहीत आहे. तरी बोलतोय.

काम ठीक चाललंय. नकाशांचं काम. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझा,
रवी


२० जून २००४
शुगर लँड

अक्का,

पाच महिने झाले, तुझं एक अक्षर नाही. इथं उकाड्यानं जीव नकोसा झालाय. पार्किंगपासून ऑफिसच्या दारापर्यंत शर्ट भिजतो आणि आत गेलं की एसीनं हुडहुडी भरते.

मागच्या पत्रात कामात सांगण्यासारखं काही नाही म्हणालो, ते खोटं होतं.

आमची कंपनी समुद्राच्या तळाखालचे नकाशे करते. जहाज पाण्यात दणके सोडतं, खालून परत येणारा आवाज टिपतं, त्यावरून तेल कुठं असेल याचा अंदाज बांधतात. तो पसारा माझ्या टेबलावर येतो. किनारा, खोली, हद्दी, नावं, सगळं मी मांडतो. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. 'काढणारा' या शब्दापुढं माझी आद्याक्षरं: आर. व्ही. एम.

गेल्या डिसेंबरात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं काम आलं. मोरोक्कोच्या खाली तिथं एक वाळवंट आहे, पश्चिम सहारा. एकोणतीस वर्षांपूर्वी स्पेननं ते सोडलं आणि मोरोक्कोनं घेतलं. तिथली माणसं सोळा वर्षं लढली. निम्मी शेजारच्या अल्जीरियात निर्वासितांच्या छावण्यांत गेली. १९९१ साली युनोनं लढाई थांबवली आणि सांगितलं, सार्वमत घेऊ, स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं ते तुम्हीच ठरवा. ते सार्वमत अजून व्हायचं आहे. म्हणून नकाशावर त्या दोहोंच्या मध्ये तुटक रेघ काढतात. सत्तावीस अंश चाळीस मिनिटं उत्तर. तुटक म्हणजे, अजून ठरलेलं नाही.

आमच्या गिऱ्हाइकानं मोरोक्कोकडून परवाना घेतलेला. त्यांचा निरोप आला, रेघ नको, 'पश्चिम सहारा' हे नावही नको. 'दक्षिण प्रांत' लिहा. माझा साहेब ग्लेन म्हणाला, "रवी, जस्ट टर्न ऑफ दॅट लेयर."

आमच्याकडे रेघ खोडावी लागत नाही. एका खुणेवर टिचकी मारली की ती दिसेनाशी होते. मी मारली. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. नंतर डबा खाल्ला.

माझ्या ग्रीन कार्डाची फाइल याच कंपनीनं घातली आहे. नोकरी गेली तर फाइल गेली आणि आमचा इथला मुक्कामही संपला. हे सगळं तुला का सांगतोय कळत नाही. तुझ्याशिवाय कुणाला यातलं काही कळणार नाही म्हणून असेल.

रवी


१७ ऑक्टोबर २००४
शुगर लँड

अक्का,

बोलू नकोस. मी बोलतो.

इशिताच्या शाळेत पालकांची संध्याकाळ होती. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा. प्रत्येक कुटुंबानं आपण कुठून आलो तिथं टाचणी टोचायची आणि देशाच्या यादीत नाव लिहायचं. मी बेळगावावर टाचणी टोचली. कुणी विचारलं नाही, कोणत्या राज्यातलं म्हणून. बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

आमच्या मागं एक उंच, सावळा माणूस होता, सालिक. त्याची मुलगी इशिताच्या वर्गात. तो बराच वेळ यादी वाचत होता. बाई म्हणाल्या, "इज इट ओके इफ आय पुट यू अंडर मोरोक्को?" तो म्हणाला, "नो, मॅम." तोंडावर हसू होतं, पण हलला नाही. शेवटी त्यानं टाचणी पिवळ्या कोऱ्या जागेत खुपसली आणि यादीच्या खाली स्वतःच्या हातानं 'वेस्टर्न सहारा' लिहिलं.

मी ओळख करून घेतली. का, ते विचारू नकोस. छावणीत वाढला, क्यूबात शिकला, इथं एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. त्यांच्या छावण्यांना त्यांनी आपल्या सुटलेल्या गावांची नावं दिली आहेत. म्हणजे त्याची आई आज ज्या छावणीत राहते त्या छावणीचं नाव तिच्या खऱ्या गावाचं आहे. गाव पाचशे मैलांवर, मध्ये मोरोक्कोनं घातलेला वाळूचा बांध आणि सुरुंग. सार्वमतासाठी युनोनं तिचं नाव मतदारांत नोंदवलं, त्याचा कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय.

मी त्याला आपल्या सीमाप्रश्नाबद्दल सांगितलं. भिजत घोंगडं म्हणजे काय तेही समजावलं. तो हसला. म्हणाला, "आमच्याकडे घोंगडं भिजवायला पाणी कुठाय?"

गेल्या शनिवारी सार्वजनिक वाचनालयात त्याचं भाषण होतं. वीस-बावीस माणसं. मी मागच्या खुर्चीत. त्यानं बोलता बोलता एक नकाशा उलगडला. तेल कंपनीच्या पुस्तिकेतला, मोठा करून छापलेला. अक्का, माझा नकाशा. त्यानं कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "कुणीतरी आर. व्ही. एम. आहे. त्याला मी ओळखत नाही. आमचा देश त्यानं एका दुपारी काढून टाकला. त्याला भेटलो तर मी एवढंच विचारीन, तुला माहीत होतं का?"

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून. नंतर त्यानं मला कॉफी दिली आणि मी ती प्यायलो.

रवी


५ डिसेंबर २००४
शुगर लँड

अक्का,

तुझं कार्ड आलं. एक वर्ष एक महिन्यानंतर दोन ओळी. 'चि. रवींद्र यास, पत्रं पोचली. ज्याची रेघ पुसलीस त्याला सांग, मला सांगून काय उपयोग. विनीता.' आशीर्वादसुद्धा नाही!

तुला सोपं आहे. तू शाळेत शिकवतेस, कुणी काढू शकत नाही. तू १९८६ साली हिंडलग्याच्या तुरुंगात अकरा दिवस काढलेस आणि बाहेर आलीस तेव्हा गल्लीनं हार घातले. मी चौदा वर्षांचा होतो, रोज सायकलवरून डबा आणत होतो. मला कुणी हार घातला नाही, आणि त्याचं काही नाही. पण इथं कुणी गल्ली नाही. इथं बोललो तर एक पाकीट मिळेल आणि टेबलावरच्या वस्तू भरायला एक खोका.

आणि खरं सांगू? आपलं आणि त्यांचं सारखं नाही. आपण निवडणुका लढवतो, निवडून येतो, मोर्चा काढतो आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. त्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडले. तुझ्या समितीच्या लोकांना पश्चिम सहारा नकाशात दाखवता येईल का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मग मलाच का शहाणपण शिकवतेस?

तुझ्या कार्डावर चरफडत आठ दिवस काढले. हर्षितानं ते फ्रिजवर लावून ठेवलंय. काढ म्हटलं तर म्हणते, "राहू दे. या घरात तुला सरळ बोलणारं तेवढंच एक माणूस आहे."

रवी


१३ फेब्रुवारी २००५
शुगर लँड

अक्का,

सांगितलं.

शाळेच्या पार्किंगमध्ये. मुली गाडीत बसलेल्या. मी म्हटलं, "सालिक, आर. व्ही. एम. म्हणजे मी. रवींद्र वामन मुचंडीकर." आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"तू मला तुझ्या गावाबद्दल सांगितलंस. तुझ्या बहिणीबद्दल. पन्नास वर्षं झाली म्हणालास."

"हो."

"म्हणजे तुला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं."

तो गाडीत बसून गेला.

घरी आलो आणि अंघोळीला जातो म्हणून बाथरूममध्ये बसून राहिलो. अक्का, त्या दिवशी मला तारीख माहीत होती. १ नोव्हेंबर. सकाळी कॅलेंडर बघितलं होतं. काळा दिन आहे, तू आता मोर्चात असशील, हेसुद्धा मनात आलं होतं. तरी गेलो. दर वर्षी तो उपास, ती काळी फीत, ते पुढच्या वर्षी नक्की होईल म्हणणं, याचा मला वीट आला होता. एकदा तरी दुसऱ्या बाजूनं बसून गप जेवावं, कुणाचा राग न धरता, असं वाटलं. भात चांगला होता. खोटं बोललो तुझ्याशी, भान नव्हतं म्हणून. भान होतं.

तीन आठवडे सालिकनं तोंड फिरवलं. सोमवारी त्याचाच फोन आला. म्हणाला, "माफी मला नको. लिहून दे." तेल कंपनीची वार्षिक सभा एप्रिलमध्ये आहे. तिथं एक म्हाताऱ्या भागधारक बाई प्रश्न विचारणार आहेत. त्यांच्या हातात माझं पत्र हवं. नकाशावर रेघ होती, ती काढायला सांगितलं आणि मी काढली, एवढंच. आद्याक्षरं चालणार नाहीत. पूर्ण नाव.

हर्षिताला सांगितलं. ती भडकली. "तुझं बेळगाव, त्याचं वाळवंट, अन् मधल्या मधे माझं घर! इशितानं काय करायचं? मी काय करायचं? आठ महिन्यांत फाइल क्लिअर होणार आहे यार, आठ महिने गप बसता येत नाही?"

येतं. तेच तर मला उत्तम येतं.

पत्र दिलं, अक्का. शुक्रवारी सही केली.

रवी


२४ एप्रिल २००५
शुगर लँड

अक्का,

बाईंनी सभेत पत्र वाचलं. एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या चार ओळी गिऱ्हाइकाच्या वकिलानं वाचल्या आणि सोमवारी मला वरच्या मजल्यावर बोलावलं.

ग्लेन वाईट माणूस नाही. त्याला घाम फुटला होता. त्यानं एक कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलंय की रेघ माझ्याच हातून नजरचुकीनं गेली, कुणीही सांगितलं नव्हतं आणि माझं पत्र गैरसमजातून लिहिलेलं आहे. यावर सही केली की प्रकरण मिटलं. नोकरी राहील, फाइल राहील. नाही केली तर शुक्रवार हा शेवटचा दिवस. म्हणाला, "इट्स जस्ट अ लाइन, रवी."

'फक्त रेघ' हे मी कितीदा ऐकलंय! आपल्या शेजारच्या कानडी शिवलीला काकू तुला म्हणायच्या, 'विनीता, रेघ इकडं काय आणि तिकडं काय, नळाला पाणी तेवढंच.' तुला तेव्हा राग यायचा आणि मला वाटायचं, त्या बरोबर बोलतायत. अजूनही वाटतं. त्यांनाही कुणी विचारलं नाही कधी, तुम्हाला कुठं राहायचंय म्हणून. त्याचं उत्तर तुझ्याकडं आहे का? असलं तर मला हवंय.

पण ज्याला रेघेचं काही वाटत नाही त्याला ती पुसायची एवढी घाई का असते, हेही मला कळत नाही.

सहा दिवस झाले, झोप नाही. चीड कुणाची येते तेही ठरत नाही. ग्लेनची येते, सालिकची येते, तुझी येते. सगळ्यांत जास्त त्या युनोची येते. चौदा वर्षं ते माणसं मोजतायत! माझी दोन टोकं ओढणारे तुम्ही सगळे आपापल्या जागी आहात आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार मला.

हर्षितानं कागद वाचला. यावेळी ओरडली नाही. भाजी चिरत म्हणाली, "सही करायची तर कर. मी काही म्हणणार नाही. पण मग घरी येऊन कुढत बसायचं नाही. मला तसला नवरा वागवायचा नाही."

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणून विचारत नाही.

रवी


३० एप्रिल २००५
शुगर लँड

अक्का,

सही केली नाही.

कागद दोनदा वाचला आणि परत दिला. ग्लेन म्हणाला, "यू शुअर?" मी हो म्हटलं. त्यानं हात मिळवला आणि मग दुसरा एक माणूस मला दारापर्यंत पोचवायला आला. पाच वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं.

तुला बरं वाटावं म्हणून केलं नाही. लढ्यासाठी केलं नाही. नजरचूक म्हणायला जीभ वळेना, एवढंच. ती नजरचूक नव्हती.

आता ऐक काय झालं ते. नवा नकाशा बुधवारीच छापून गेला होता, मी उत्तर द्यायच्या आधी. रेघ नाहीच. 'काढणारा' या शब्दापुढं दुसऱ्याची आद्याक्षरं आहेत. काल सालिककडं गेलो, सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो मिठी मारेल. त्यानं "थँक यू" म्हटलं, मग एक फाइल काढली आणि माझ्या पत्राची प्रत तीत लावली. फाइल जाडजूड होती. म्हणाला, "आमच्याकडे अशी पत्रं पुष्कळ आहेत. चांगल्या माणसांची." त्याला टोमणा मारायचा नव्हता. तेच जास्त लागलं.

म्हणजे काय झालं? नोकरी गेली, फाइल गेली, वाळवंट आहे तिथंच आहे. सालिकची आई छावणीत आहे. तुझा दावा कोर्टात आहे. मी एवढा जळफळतोय आणि कुणाचं काही हललं नाही. हे तू कसं सहन करतेस, अक्का? दर वर्षी काळी फीत धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवतेस आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधतेस. मी त्याला हट्ट म्हणायचो, वेड म्हणायचो, तुझ्या पाठीमागं हसायचो. मला एका वर्षातच वेड लागायची पाळी आली. तू पंचवीस वर्षं कशी करतेस? चिडत नाहीस? एकटी असताना रडतेस का? कधी विचारलंच नाही मी.

आम्ही तिघं २१ मेला येतोय. गोव्यापर्यंत विमान, पुढं बसनं. हर्षिता म्हणते, दोन महिने तुझ्याकडं, मग पुण्यात नोकरी बघायची. इशिताला मराठी नीट येत नाही, तिला रागावू नकोस. तिनं काही केलेलं नाही.

मला रागव. पत्रातून भांडून माझं समाधान होत नाही, मी एकटाच ओरडतो आणि माझाच आवाज मला ऐकू येतो. शिवलीला काकूंच्या प्रश्नावर मला तुझ्याशी भांडायचंय. त्या भातावरून भांडायचंय. मला बाहेर ओट्यावर झोपव, जेवायला वाढू नकोस, चारचौघांत लाज काढ माझी. फक्त बोल. शिव्या घाल, पण बोल, अक्का.

रवी